मिठागर कोणत्या खणात? : जुन्या मुंबईच्या छायाचित्रांची विषयवारी

मुंबईच्या जुन्या छायाचित्रांचे मोठे संग्रह आता घरबसल्या पाहता येतात. त्यांतल्या ज्या ज्या संग्रहाच्या शोधचौकटीत मी ‘अँटॉप हिल’ हे नाव घालून पाहिले, तिथून बहुधा एकच उत्तर आले : काही सापडले नाही. मलबार हिल घातले की चित्रांची रांग लागते. ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ म्हटले तर विचारूच नका. अँटॉप हिल मात्र नाही. कोण्या अंतोबावरून हे नाव पडले असे सांगतात. तो अंतोबा जसा दंतकथेत विरला, तशी त्याची टेकडीही छायाचित्रांच्या याद्यांतून गायब आहे.

मी या भागात राहते आणि माझी सगळी नोकरी ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक घालण्यात गेली. त्यामुळे या गैरहजेरीचा अर्थ लावताना ‘इथे कोणी कॅमेरा आणलाच नसेल’ या सोप्या उत्तरावर माझा विश्वास बसला नाही. टेकडीच्या आसपास काय काय होते ते पाहा. पूर्वेला खाडी आणि मिठागरे. वडाळ्याच्या ‘सॉल्ट पॅन रोड’ने ती आठवण अजून नावात जपली आहे. दक्षिणेला १८९० साली सुरू झालेला कुष्ठरुग्णांचा आश्रम. पश्चिमेला सुधार ट्रस्टने आखलेल्या दादर-माटुंगा-शीवच्या योजना. १९१५पासून पोर्ट ट्रस्टची रेल्वे. १९२५च्या फेब्रुवारीत देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली, तीही याच हार्बर मार्गाने. फाळणीनंतर इथे निर्वासितांच्या छावण्या आल्या आणि पुढे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सेक्टरा-सेक्टरांची वसाहत उभी राहिली. यांतल्या बहुतेक गोष्टींची चित्रे आहेत. ती ‘अँटॉप हिल’ या नावाखाली नाहीत, एवढेच. ती आहेत आरोग्य, रेल्वे, बंदर, नगररचना आणि ‘किरकोळ’ यांच्याखाली.

हा ‘किरकोळ’ नावाचा खण प्रत्येक संग्रहात असतो आणि माझ्या अनुभवात तो सर्वांत भरलेला असतो. कोणत्याही याद्या करणाऱ्या माणसाची पारख त्याच्या ‘किरकोळ’वरून करावी, असे मला वाटते. मिठागराचे चित्र उद्योगात घालायचे, निसर्गदृश्यात घालायचे, की समुद्रकिनाऱ्यात? ज्याने घाईने ‘दृश्य’ असे लिहिले, त्याने त्यातला कमरेत वाकून मीठ ओढणारा माणूस पुसून टाकला. चित्र शाबूत राहते, पण ते शोधणाऱ्याला दिसत नाही.

नावांचा गोंधळ वेगळाच. शीव हे सायन होते, शिवडीची ‘सेवरी’ होते, भायखळ्याचे ‘बायकला’. जुन्या इंग्रजी मथळ्यांत परळ, माटुंगा, गिरगाव यांची स्पेलिंगे दर वीस वर्षांनी बदलतात. त्यात आपणही भर घातली. इथले ‘कोळीवाडा’ स्थानक आज गुरू तेग बहादूर नगर आहे. कोळीवाड्याचे जुने चित्र शोधणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसेल तर तो वरळीला जाऊन पोहोचतो. जाता जाता सांगते : हॉटेलांतून मिळणारे ‘प्रॉन्स कोळीवाडा’ हे कोळ्यांचे नसून फाळणीनंतर इथे वसलेल्या पंजाब्यांचे, असे इथले जुने लोक सांगतात. आता त्या दुकानाचे एखादे जुने छायाचित्र मिळाले तर ते कोळी या विषयात घालावे, निर्वासितांत, की खाद्यपदार्थांत? तिन्हींत, हेच खरे उत्तर आहे. पण कागदी चित्र एकाच पाकिटात राहते. विषयसूचीची गरज इथूनच निर्माण होते. वस्तू एका जागी ठेवायची आणि तिच्याकडे जाणाऱ्या वाटा अनेक ठेवायच्या.

मुंबईत ही वाटांची गोष्ट फार लवकर सुरू झाली. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे हिंदी सभासद तिच्यात होते. या सोसायटीतला एक खटपट्या गृहस्थ म्हणजे विल्यम जॉन्सन. १८५६च्या अखेरीपासून त्याने विल्यम हेंडरसन याच्यासह ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ काढायला सुरुवात केली. त्यात पश्चिम हिंदुस्थानातल्या वेशांची आणि माणसांची एक मालिका होती. पुढे यातूनच जॉन्सनचे मुंबईतल्या ‘पौर्वात्य वंश आणि जमाती’ यांच्यावरचे दोन खंड निघाले. पहिला १८६३ला गुजरात, कच्छ, काठेवाडचा आणि दुसरा १८६६ला महाराष्ट्राचा.

या खंडांची मांडणी जातवार आहे. पान उलटले की जात बदलते. आपल्याला ती इतकी ओळखीची वाटते की ही एक निवड आहे हे लक्षातच येत नाही. त्याच १८६३ साली गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. माडगावकरही याच शहराकडे पाहत होते. जातींचा उल्लेख त्यांच्याकडेही आहे, पण त्यांचे पुस्तक शहराच्या कामकाजाकडे, जागांकडे, व्यवहारांकडे वळत राहते. एकाच वर्षी एकाच शहराच्या दोन सूच्या तयार झाल्या, असे मी म्हणेन. एकीत माणूस कोण आहे यावरून सापडतो, दुसरीत तो काय करतो आणि कुठे वावरतो यावरून. छायाचित्रांच्या संग्रहांनी दुर्दैवाने पहिली उचलली. सरकारी पाठबळाने १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांनी तर तिच्यावर शिक्कामोर्तबच केले. चारशेहून अधिक छायाचित्रे आणि प्रत्येकाखाली जातीचे वा जमातीचे नाव. व्यक्तीचे नाव मात्र क्वचित.

जॉन्सनच्या चित्रांत आणखी एक मेख आहे आणि ती विषयवारी करणाऱ्याने विसरता कामा नये. त्याने अनेकदा माणसांची छायाचित्रे एका ठिकाणी घेतली आणि ती कापून दुसऱ्याच दृश्यावर चिकटवून नवे चित्र बनवले. म्हणजे मागे दिसणारे देऊळ किंवा तलाव पाहून ‘स्थळ : अमुक’ असे लिहिले तर ती माणसे तिथे कधी उभीच नव्हती, ही शक्यता राहते. म्हणून माझ्या कार्डांवर मी ‘स्थळ’ आणि ‘पार्श्वभूमी’ असे दोन रकाने ठेवते. पहिला रकाना बऱ्याच वेळा रिकामा राहतो. रिकामा रकाना पाहून लोकांना वाटते काम अर्धे राहिले आहे. पण तो रिकामा ठेवणे हेच काम आहे.

त्याच पहिल्या खंडात वल्लभाचार्य संप्रदायाच्या महाराजांचे एक चित्र आहे. वरवर पाहता विषय सरळ : धर्मगुरू, वैष्णव संप्रदाय, वेशभूषा. पण तारीख पाहा. आदल्याच वर्षी, १८६२ला, मुंबईत ‘महाराज लायबल केस’ गाजली होती. ‘सत्यप्रकाश’चे संपादक करसनदास मुळजी यांच्यावर एका महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि त्या खटल्यात साक्ष देणाऱ्यांत डॉ. भाऊ दाजी होते. १८६३ला हे चित्र उघडून बसलेल्या मुंबईकराच्या मनात काय आले असेल? वेशभूषा नक्कीच नाही. चित्र ‘कशाचे’ आहे आणि चित्र ‘कशाविषयी’ आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे इथे वेगळी पडतात.

हा भेद ग्रंथालयशास्त्रात सारा शॅटफर्ड या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८६च्या सुमारास नीट मांडला. त्यांनी आधार घेतला होता कलेतिहासकार एर्विन पॅनॉफ्स्की याच्या विवेचनाचा. चित्रात दिसते ते एक, ते ओळखायला लागणारे ज्ञान दुसरे आणि त्यामागचा अर्थ तिसरा. आपल्याकडचे उत्तम उदाहरण सुधार ट्रस्टचे. जे. पी. ऑर हे ट्रस्टचे अध्यक्ष असताना चाळींत उजेड-वारा किती यावा याचा हिशेब मांडत असत. दोन इमारतींमध्ये इतके अंतर हवे की प्रकाशाचा कोन साडेत्रेसष्ट अंशांच्या आत राहील, असा त्यांचा नियम होता. त्या काळच्या अंधाऱ्या खोलीचे, अरुंद गल्लीचे चित्र ‘कशाचे’ आहे? खोलीचे, गल्लीचे. ‘कशाविषयी’ आहे? पाडापाडीच्या समर्थनाविषयी. तिथे राहणाऱ्या बाईला विचारले असते तर तिने तिसरेच सांगितले असते : हे माझे घर आहे. सूचीत तिन्ही शब्द हवेत. तिसरा शब्द घालायला कोणी नसते.

जगात या कामाच्या मोठमोठ्या व्यवस्था झाल्या. लायडनचे प्राध्यापक हेन्री व्हान द वाल यांनी ‘आयकॉनक्लास’ नावाची पद्धत उभारली. चित्रातल्या विषयांना अंक आणि अक्षरे. दहा मुख्य वर्ग आणि त्यांच्या पोटात हजारो शाखा. युरोपातल्या चित्रांसाठी ही पद्धत अप्रतिम आहे. पण तिचा नकाशा पाहिला की हसू येते. बायबलला एक पूर्ण वर्ग, ग्रीक-रोमन पुराणांना दुसरा पूर्ण वर्ग. आपले सगळे देव ‘ख्रिस्तेतर धर्म’ या एका फांदीवर दाटीवाटीने बसलेले. विठोबा आणि खंडोबा यांना तिथे लोकलच्या दारात लटकावे लागते. दोष व्हान द वालचा नाही. त्यांनी आपल्या घरातली चित्रे लावली. आपण त्यांच्या कपाटात आपली चित्रे कोंबतो, हा दोष आपला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने चित्रांसाठी १९८७ला विषयशब्दांचा एक कोश छापला. तो अधिक व्यवहारी आहे आणि त्यातली ‘पाहा’, ‘हेही पाहा’ची शिस्त मी शिष्यासारखी उचलली आहे.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या चित्रसंग्रहाची रीत. हा संग्रह १९१५ला सुरू झाला आणि १९२९पासून जवळजवळ चार दशके रोमाना जाविट्झ या बाई त्याच्या प्रमुख होत्या. पुस्तकांतून, मासिकांतून कापलेली चित्रे विषयवार पाकिटांत घालून कोणालाही हाताळायला मोकळी. आरेखनकार, नाटकवाले, शिवणकाम करणारे, विद्यार्थी असे सगळे तिथे येत. विषयांची नावे पंडितांनी ठरवलेली असण्यापेक्षा, टेबलाशी येऊन माणूस ज्या शब्दात चित्र मागतो त्या शब्दाची असावीत, हा तिथला कल होता. हे वाचल्यावर मी स्वतःला एक प्रश्न विचारला. लालबागच्या माणसाला जुन्या मुंबईचे चित्र हवे असेल तर तो कोणता शब्द वापरील?

तो ‘वॉटर कॅरिअर’ म्हणणार नाही, भिस्ती किंवा पखालवाला म्हणेल. ‘हॉर्स-ड्रॉन ट्रामवे’ म्हणणार नाही, घोड्यांची ट्राम म्हणेल (ती १८७४ला सुरू झाली आणि १९०७ला विजेची आली). ‘टेनमेंट’ नाही, चाळ. ‘बोर्डिंग हाऊस’ तर मुळीच नाही, खाणावळ. या शेवटच्या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. गिरणगावाची चित्रे इंग्रजी याद्यांत मिळतात ती ‘कॉटन मिल’ या शीर्षाखाली : चिमण्या, दरवाजे, यंत्रांची दालने, संपाच्या सभा. गिरणी चालत होती ती ज्या डब्यांवर, ते डबे भरणाऱ्या बायकांचे चित्र शोधायला गेले तर कोणतेही शीर्षक मदतीला येत नाही. दहा-पंधरा गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या या बायका म्हणजे गिरणगावाचा निम्मा अर्थव्यवहार. १९७५ला प्रेमा पुरव यांनी त्यांनाच एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पण सूचीत ‘खाणावळ’ हा शब्दच नसेल तर १९७५च्या आधीच्या या बायका चित्रांतून कशा शोधणार? त्या आहेत. चाळीच्या व्हरांड्याच्या एखाद्या चित्रात, मागे, चुलीपाशी. मथळ्यात लिहिलेले असते ‘चाळीचे अंतर्दृश्य’.

इथे मला रंगनाथनांचा आधार सापडला. शियाळी रामामृत रंगनाथन यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत १९३३ची. कोणताही विषय उभ्या खणात न घालता त्याचे पैलू सुटे करायचे : मुख्य घटक, द्रव्य, क्रिया, स्थळ, काळ. आम्ही विद्यार्थी असताना हे पाचही पैलू पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो. पुस्तकांच्या बाबतीत मला ते कधीकधी द्राविडी प्राणायाम वाटत. छायाचित्रांना ते अंगचे वाटतात. कारण छायाचित्रात कोणी ना कोणी काहीतरी करत असतेच. मी कार्डावर पहिला रकाना क्रियेचा केला. वाहणे, दळणे, धुणे, विकणे, वाट पाहणे, रांगेत उभे राहणे, चुना लावणे, मोजणे, पाहत राहणे.

हा क्रम बदलल्यावर झालेला फरक माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा होता. ‘कोण’ हा प्रश्न आधी विचारला की जुन्या मुंबईत बायका फार थोड्या दिसतात : एखादी नर्तकी, एखादी नटलेली नागर ब्राह्मण कुटुंबातली स्त्री, एखादी कोळीण. ‘काय चालले आहे’ हा प्रश्न आधी विचारला की त्या सगळीकडे दिसतात. टाउन हॉलच्या भव्य चित्रात कोपऱ्यातून पाटी घेऊन जाणारी, बांधकामावर घमेली वाहणारी, बंदरावर कापसाच्या ढिगाशी बसलेली. मथळा इमारतीचा असल्याने त्या कधी मोजल्याच गेल्या नव्हत्या. ‘डोक्यावरून वाहणे’ या माझ्या एका शीर्षाखाली इतकी कार्डे जमली की मला त्याचे उपविभाग करावे लागले : पाणी, माती, मासळी, लाकूड, मूल.

प्लेगची चित्रे या पद्धतीची खरी कसोटी आहेत. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला. मराठी पत्रांनी त्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ हे भारदस्त नाव दिले. १८९७च्या मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली आणि तिच्या कामाची छायाचित्रे काढवण्यात आली. लंडनच्या वेलकम संग्रहातला असा एक संच कॅप्टन सी. मॉस याच्या नावावर नोंदला आहे. तो आता कोणालाही पाहता येतो. त्यात तात्पुरत्या रुग्णालयांचे अंतर्भाग आहेत, घरे धुऊन काढणारी पाण्याची इंजिने आहेत, तपासणी पथके आहेत. चित्रे स्वच्छ आहेत, रचना नेटकी आहे, सगळे कॅमेऱ्याकडे पाहत उभे आहेत.

या चित्रांची विषयशीर्षके स्वाभाविकपणे वैद्यकीय : प्लेग, रुग्णालये, निर्जंतुकीकरण, विलगीकरण. चूक काहीच नाही. पण पुण्यात त्याच वर्षी २२ जूनला रँडवर गोळी का झाडली गेली, हे या शीर्षकांवरून कोणालाही कळणार नाही. झडती, घरात शिरणे, सामान रस्त्यावर येणे, बाईमाणसाची तपासणी, घर सोडून जाणे हे शब्द सूचीत आले, तर तीच चित्रे दुसऱ्या माणसाला सापडतात. माझ्या कार्डांवर अशा चित्रात तीन प्रकारचे लोक वेगळे नोंदलेले असतात : हुकूम देणारे, काम करणारे आणि ज्यांच्यावर काम चालले आहे ते. मधला वर्ग सर्वांत दुर्लक्षित. इंजिनाची नळी धरणारा, बादली घेऊन भिंतीला चुना फासणारा माणूस रोगाच्या सर्वांत जवळ उभा होता. मथळ्यात साहेबाचे नाव असते आणि इंजिनाचेही असते.

एका जुन्या सहकारी मैत्रिणीचा यावर आक्षेप आहे. ती म्हणते, “तू चित्रात नसलेले शब्द घालते आहेस. ‘झडती’ हा अर्थ झाला, वस्तुस्थिती नव्हे.” आक्षेप वजनदार आहे. माझे म्हणणे असे की ‘निर्जंतुकीकरण’ हाही अर्थच आहे, फक्त तो हुकूम देणाऱ्याचा. दोन्ही लिहावेत, आणि कोणता शब्द मूळ मथळ्यातला व कोणता सूचीकाराने घातलेला हे वेगवेगळ्या शाईत दिसावे. तिला हे पूर्ण पटलेले नाही. पण मूळ मथळा कधीही दुरुस्त करायचा नाही, कितीही अपमानकारक असला तरी पुसायचा नाही, यावर आमचे एकमत आहे. तो मथळाही पुरावा आहे. त्याला विषयशीर्षक होऊ द्यायचे नाही, एवढेच.

आता अगदी घराजवळचे. टेकडीच्या दक्षिणेचा कुष्ठरुग्णांचा आश्रम उभा राहिला तो महापालिकेचे आयुक्त हॅरी अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने, म्हणून त्याला आज अ‍ॅकवर्थ रुग्णालय म्हणतात. तिथे कुष्ठरोगाचे एक संग्रहालयही आहे. हाच अ‍ॅकवर्थ मराठी वाचकांना दुसऱ्या कारणाने ठाऊक असायला हवा. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्याने पोवाडे गोळा केले आणि ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह १८९१ला प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींचा इंग्रजी अनुवाद त्याने १८९४ला काढला. म्हणजे शहरातल्या बेघर रुग्णांसाठी माटुंग्याच्या बाजूला आश्रम उभा राहत होता त्याच सुमारास हा साहेब शाहिरांच्या कवनांत बुडालेला होता. पण सूचीत हे दोन अ‍ॅकवर्थ एकमेकांना भेटत नाहीत. एक ‘साहित्य’ मध्ये, दुसरा ‘आरोग्य प्रशासन’ मध्ये. आडवी नोंद केली नाही तर पन्नास वर्षांनी कोणी त्यांना दोन वेगळे गृहस्थ समजले तरी आश्चर्य वाटू नये.

कुष्ठरोगाच्या चित्रांपाशी मात्र सूचीकाराचा सगळा आत्मविश्वास डळमळतो. आधी शब्दच घ्या. जुना शब्द ‘महारोग’. आज आपण कुष्ठरोग म्हणतो आणि रुग्णाला ‘महारोगी’ म्हणणे योग्य मानत नाही. पण १८९८च्या कायद्याच्या काळातले कागद शोधणाऱ्याला जुना शब्दच ठाऊक असणार. म्हणून ‘महारोग : पाहा कुष्ठरोग’ अशी नोंद हवी. शब्द दारावर राहील, घरात येणार नाही.

खरा पेच चेहऱ्यांचा आहे. आतापर्यंत मी असे मांडत आले की सापडणे चांगले आणि न सापडणे हा अन्याय. खानावळवाली सापडली पाहिजे, मिठागराचा कामगार सापडला पाहिजे, चुना फासणारा सापडला पाहिजे. मग आश्रमात ठेवलेला, नावगाव तोडून आलेला माणूसही त्याच न्यायाने सापडला पाहिजे का? ज्या काळात घरात एकाला हा रोग झाला की बहिणीचे लग्न मोडत असे, त्या काळी कित्येकांनी आपला पत्ताच पुसला होता. त्यांचे छायाचित्र बहुधा त्यांना न विचारता, रोगाच्या खुणा दाखवण्यासाठी काढले गेले. अशा चित्राला गाव, जात, वय, लिंग अशी सगळी शीर्षके देऊन शोधायला सोपे करणे म्हणजे त्या माणसाने लपवलेली गोष्ट शंभर वर्षांनी चव्हाट्यावर आणणे होय. दुसरीकडे, त्याच आश्रमातल्या माणसांनी शेती केली, सुतारकाम केले, सण साजरे केले असतील, तर त्यांना फक्त रोगाच्या खणात ठेवणे हाही अन्यायच.

यावर सर्वत्र लागू पडेल असा नियम मला सुचलेला नाही. सध्या मी असे करते : क्रियेवरून शोधता यावे, व्यक्तीवरून नाही. चित्रात कोणी बागकाम करत असेल तर ते ‘बागकाम’खाली सापडते आणि तिथे रोगाचा उल्लेख पहिल्या ओळीत नसतो. केवळ व्रण दाखवण्यासाठी काढलेल्या चित्राची नोंद असते, वर्णन असते, पण चित्र समोर येत नाही. ते पाहायचे तर कारण सांगून मागावे लागते. मैत्रीण म्हणते, ही पालकगिरी झाली. कदाचित असेल.

आता यंत्रे ही कामे करू लागली आहेत. चित्र दाखवले की संगणक झरझर शब्द काढून देतो : माणसे, रस्ता, बैलगाडी, झाड. मी त्याच्या विरोधात नाही, ढीग उपसायला तो उत्तम हमाल आहे. पण तो ‘कशाचे’ एवढेच सांगतो. आणि ज्या लाखो चित्रांवरून तो शिकला त्यांचे मथळे कोणी लिहिले होते, हा प्रश्न जॉन्सनच्या काळाइतकाच जुना आहे. त्याच्याकडून ‘पखाल’ किंवा ‘घमेले’ हा शब्द येण्यासाठी आधी कोणीतरी तो शब्द हजार चित्रांखाली मराठीत लिहिलेला असावा लागतो. ते काम अजून व्हायचे आहे.

या कामासाठी मी अलीकडे आमच्या वसाहतीतल्या घरांतले जुने अल्बम पाहू लागले आहे. घरगुती अल्बम हीसुद्धा एक विषयवारीच असते. बारसे, मुंज, लग्न, डोहाळजेवण, गणपती, निवृत्तीचा निरोपसमारंभ : संस्कारांचे खण ठरलेले. सरकारी नोकरीतल्या बदल्यांमुळे इथल्या अल्बमांत नागपूर, दिल्ली, चेन्नईही येऊन बसतात. स्वयंपाकघर मात्र कुठेच नसते. जिन्यावरच्या गप्पा, नळावरची रांग, रॉकेलची रांग नसते. फिल्म महाग होती, ती प्रसंगासाठी राखायची. मग मी चित्राच्या कडा पाहते. मुंजीच्या एका चित्रात बटूच्या मागे उघडे दार आहे, दारातून खिडकी दिसते आणि खिडकीबाहेर, आज जिथे इमारती आहेत तिथे, पांढऱ्या चौकोनांची एक रांग चमकते. घरच्या आजींनी ती बोट ठेवून ओळखली.

त्या कार्डावर मी लिहिले आहे : क्रिया – मुंज, मीठ पिकवणे. पार्श्वभूमी – मिठागर, खिडकीतून. स्थळ – अँटॉप हिल.